पट्टीवर चढलेलं तेल

साशंक: जुन्या गाडीच्या तेलात पेट्रोल उतरलंय असं तुम्ही म्हणता, तेव्हा माझा पहिला प्रश्न असा की ते नव्हतं कधी? कार्ब्युरेटरची गाडी सकाळी चोक ओढून सुरू केली की सिलिंडरच्या भिंतींवर कच्चं पेट्रोल बसतंच. त्यातलं थोडं रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन तापलं की तेच पेट्रोल उडून ब्रीदरवाटे बाहेर पडतं. हे येणं-जाणं गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापासून चालू आहे. धडधाकट इंजिनाच्या वापरलेल्या तेलातही टक्का-दीड टक्का पेट्रोल सापडतं आणि त्याची कुणी काळजी करत नाही. तुमची पद्मिनी तर आता म्हातारी. कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या बहिणी यायच्या बंद झाल्यालाही दोन तपं उलटली. पट्टी काढली, हुंगली, वास आला आणि निदान झालं, असं कसं चालेल? वास येणारच. शिवाय नाक दोन-तीनदा हुंगल्यावर बधिर होतं, आणि गॅरेजच्या हवेत पेट्रोलचा वास आधीच मुरलेला असतो.

शोधक: वासावर मी काहीच ठरवलेलं नाही. मी बोलतोय ते पातळीबद्दल. तेल जळून कमी होतं, गळून कमी होतं. ते वाढायचं असेल तर बाहेरून काहीतरी आत यावं लागतं, आणि आत येऊ शकतील अशा गोष्टी दोनच, रेडिएटरचं पाणी किंवा पेट्रोल. पाणी असतं तर तेल दुधाळ झालं असतं, रेडिएटरची पातळी खाली गेली असती. इथे दोन्ही नाही. गाडी सपाट फरशीवर रात्रभर उभी, सकाळी सुरू करण्याआधी पट्टी पुसून पुन्हा बुडवलेली, आणि तेल वरच्या खुणेच्याही वर. बोटांच्या चिमटीत धरून बोटं विलग केली तर तार धरत नाही, लगेच तुटतं. इंजिन तापल्यावर मंद गतीला असताना ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो, अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की विझतो. या सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतायत.

साशंक: बोट दाखवतायत, पण कशाकडे? मंद गतीला दिवा लुकलुकणं हे झिजलेल्या बेअरिंगचं लक्षण आहे, झिजलेल्या ऑइल पंपाचं आहे, आणि बिघडलेल्या स्विचचंही आहे. पातळीचं म्हणाल तर थोडं गणित करू. चेंबरमध्ये चार लिटर तेल धरा. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये पंचवीस मिलिमीटर अंतर आणि त्या अंतरात एक लिटर तेल, असं समजा. म्हणजे दोन टक्के पेट्रोल, ऐंशी मिलिलिटर, पट्टीवर दोन मिलिमीटर दिसेल. गाडीचं एक चाक फरशीच्या उतारावर असलं तर एवढा फरक तसाच पडतो. पाच टक्के, म्हणजे दोनशे मिलिलिटर, पाच मिलिमीटर दिसेल. तो डोळ्याला कळेल, हे मान्य. पण पाच टक्के म्हणजे काय, तर २०डब्ल्यू-४० तेल एक अख्खी ग्रेड खाली घसरण्याइतकी भेसळ. पट्टी बोलायला लागते तेव्हा बेअरिंगचं नुकसान सुरू होऊन गेलेलं असतं.

शोधक: उशिरा बोलते म्हणून पट्टीचं ऐकायचंच नाही, हे मला पटत नाही.

साशंक: ती उशिरा बोलते एवढीच तक्रार असती तर मी गप्प बसलो असतो. ती खोटं बोलू शकते, ही खरी अडचण आहे. दुधावरची साय काढून घेतली की लॅक्टोमीटर वर चढतो, पाणी घातलं की खाली जातो. दोन्ही बेतानं केलं की आकडा अस्सल दुधाचा दाखवतो. जुन्या इंजिनात हेच आपोआप घडतं. रिंगा झिजल्यात म्हणून तेल जळतं, पातळी उतरते. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय म्हणून पेट्रोल येतं, पातळी चढते. दोन्ही जवळपास सारख्या वेगाने चाललं की पट्टी महिनोन् महिने एकाच जागी. मालक खूश, सगळ्यांना सांगतो, एवढी जुनी गाडी पण थेंबभर तेल खात नाही. आणि ती बिचारी तेल खातेय आणि पेट्रोल पितेय. तुमची पातळी निदान चढली तरी. जिची चढत नाही तिला कोण पकडणार?

शोधक: हा मुद्दा मी सोडणार नाही, कारण यातून तुमच्या मताच्या उलट गोष्ट निघते. एकदा हे माहीत झालं की पट्टीची न हलणारी पातळी हाच पुरावा होतो. जी गाडी दर महिन्याला थोडं तेल मागत होती आणि एकाएकी मागेनाशी झाली, तिच्यात सुधारणा झालेली नाही, रिंगा आपोआप बऱ्या होत नाहीत. म्हणून वहीत नोंद हवी. किती किलोमीटरला किती तेल घातलं, तारीख, पातळी. एका दिवसाच्या पट्टीला अर्थ नसेल, पण वर्षभराच्या नोंदीला आहे. आणि जिथे नोंद अपुरी पडते तिथे प्रयोगशाळा आहे. कारखाने, जनित्रं, जहाजं यांच्या तेलाचे नमुने नेमाने तपासले जातातच. नव्या २०डब्ल्यू-४० तेलाची स्निग्धता १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान असावी लागते. माझं तेल १० वर आलं, तर त्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

साशंक: भरपूर उरते. आजकालच्या मल्टिग्रेड तेलात स्निग्धता टिकवायला लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअर-टॅपेटच्या चिरडण्यात त्या साखळ्या तुटतात आणि तेल पेट्रोलचा थेंब न येताही पातळ होतं. उलट बाजूने, काजळी साचली आणि तेल उष्णतेनं जुनं झालं की ते घट्ट होतं. पेट्रोलनं पातळ, काजळीनं घट्ट, अहवालात आकडा १४, आणि तुम्ही निश्चिंत. लॅक्टोमीटरची गोष्ट पुन्हा तीच, फक्त आता छापील कागदावर.

शोधक: म्हणून एकाच आकड्यावर थांबायचं नाही. फ्लॅश पॉइंट बघा. तेलाच्या वाफांना ठिणगी पकडते ते तापमान ताज्या इंजिन ऑइलचं २०० अंशांच्या वर असतं. काजळीनं तेल घट्ट दिसेल, पण काजळी फ्लॅश पॉइंट वर ढकलत नाही. थोडंसं पेट्रोल मात्र तो धाडकन खाली आणतं. आणि वापरलेल्या तेलात पेट्रोल किती टक्के, हे थेट मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफीची प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम डी ३५२५. ती पेट्रोलचे रेणू वेगळे काढून मोजते.

(इथे मला, लेखकाला, मध्ये बोलावंच लागतं. फ्लॅश पॉइंटचं नाव निघालं की काही गॅरेजांमध्ये चालणारी एक गोष्ट आठवते, पट्टीच्या टोकाला काडी लावून तेल भडकतं का ते बघायची. ही चाचणी कुणी करू नये. पेट्रोल मिसळलेल्या तेलाच्या चेंबरमध्ये पेटू शकणारी वाफ भरलेली असते आणि पट्टीचं भोक उघडं असतं. प्रयोगशाळेत ही चाचणी बंद कपात, चमचाभर-वाटीभर तेलावर होते. इंजिनापाशी आग नको, यावर साशंक आणि शोधक दोघांचंही दुमत नाही.)

साशंक: क्रोमॅटोग्राफी अचूक आहे, मान्य. पण तिला तुम्ही कुठला नमुना देणार? समजा तुम्ही रविवारी पुण्याहून साताऱ्याला जाऊन आलात. खंबाटकी चढताना तेल चांगलं शंभर अंशांपर्यंत तापलं. पेट्रोल हा एक पदार्थ नाही. साधारण तिशीपासून दोनशेच्या वरपर्यंत वेगवेगळ्या तापमानाला उकळणाऱ्या द्रव्यांचं ते मिश्रण. हलका भाग घाटातच उडून गेला. सोमवारी नमुना काढलात तर अहवाल म्हणणार सगळं ठीक. तोच नमुना त्याआधीच्या शनिवारी काढला असतात, आठवडाभर कोथरूड ते डेक्कन अशी चार-चार किलोमीटरची पळापळ करून, तर अहवाल म्हणाला असता धोका. गाडी तीच, बिघाड तोच. त्यात बाटलीचं झाकण सैल असेल, कुरियर उन्हात दोन दिवस पडून राहिलं असेल, तर पेट्रोल वाटेतच उडालं. अचूक यंत्राला चुकीचा प्रश्न विचारला की अचूक पण निरुपयोगी उत्तर येतं.

शोधक: मग दोन नमुने काढू. शहरातल्या आठवड्यानंतर एक, घाटानंतर दुसरा. दोन्ही इंजिन गरम असताना, पट्टीच्या भोकातून स्वच्छ नळीनं मधल्या थरातून ओढलेले, बाटली काठोकाठ भरलेली. दोन्ही आकड्यांमधला फरकच मला सांगेल. पहिला मोठा आणि दुसरा किरकोळ, तर सगळा दोष छोट्या फेऱ्यांचा आणि थंड इंजिनाचा असू शकतो. तेव्हा मी थर्मोस्टॅट बघेन, कारण आपल्याकडे गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची सवय अनेक मिस्त्रींना आहे. मग इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. दुसराही मोठा निघाला, तर पेट्रोल उडतंय त्याहून जास्त येतंय. म्हणजे काहीतरी फुटलंय.

साशंक: फुटलंय काय, हे मात्र तुमचा अहवाल सांगणार नाही. तो किती ते सांगतो, कुठून ते नाही.

शोधक: बरोबर, आणि तिथे मी प्रयोगशाळेतून गाडीकडे परत येतो. पद्मिनीत पेट्रोल चेंबरपर्यंत पोचायला दोनच रस्ते आहेत. एक सिलिंडरमधून: चोक अडकलेला, फ्लोटची निडल बसत नाही, फ्लोटलाच छिद्र पडून त्यात पेट्रोल भरलंय, किंवा ठिणगीच कच्ची आहे, पॉइंट जळलेत, कंडेन्सर गेलाय. दुसरा रस्ता सिलिंडरला वळसा घालून जातो. फ्युएल पंप ब्लॉकच्या बाजूला बसवलेला असतो, कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा दांडा वरखाली करतो, आणि पेट्रोल व चेंबर यांच्यामध्ये असतो फक्त एक रबरी डायफ्रॅम. तो फाटला की पेट्रोल दांड्याच्या कडेनं सरळ खाली. आता चारही प्लग काढून ओळीनं मांडा. चारही कोरड्या काजळीनं काळे असले, तर मिश्रण गडद आहे, दोष कार्ब्युरेटर किंवा चोकचा. एकच ओला असला, तर त्या सिलिंडरची ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. आणि चारही छान तपकिरी असूनही तेल चढतंय, तर पेट्रोल सिलिंडरमधून गेलेलंच नाही, म्हणजे पंप. चार प्लग आणि एक पाना एवढ्यात रस्ता कळतो.

साशंक: सुंदर तर्क आहे. एका नळीनं तो मोडतो. चेंबरमधली वाफ ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे आणि तिथून कार्ब्युरेटरच्या तोंडी जाते, अशी जोडणी तुमच्या गाडीत आहे की नाही? असेल तर बघा काय होतं. डायफ्रॅम फाटला, पेट्रोल तेलात आलं, तेल तापलं, पेट्रोलची वाफ ब्रीदरवाटे वर गेली आणि मिश्रण गडद झालं. चारही प्लग काळे. तुम्ही म्हणणार कार्ब्युरेटर. तो उघडणार, जेट धुणार, निडल बदलणार, फ्लोटची पातळी लावणार. गाडी दोन दिवस बरी वाटेल, कारण त्या दोन दिवसांत तुम्ही ती जास्त चालवून बघाल आणि तेल तापून थोडं स्वच्छ होईल. मग पुन्हा तेच. पंप मात्र ब्लॉकला चिकटून आपलं काम करतच राहील. प्लग तुम्हाला परिणाम दाखवतात, आणि इथे परिणामच फिरून कारणाचा वेष घेतो.

शोधक: हे मी धरलं नव्हतं. पण तुम्हीच ज्या नळीचं नाव घेतलंत तिच्यापासूनच चाचणी सुरू करता येते. इंजिन पुरतं गरम करून गाडी पीयूसी केंद्रावर न्यायची. मंद गतीला धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजून घ्यायचा. मग ब्रीदरची नळी एअर फिल्टरपासून सोडायची, फिल्टरकडचं तोंड बुजवायचं, नळीचं सुटं टोक गरम भागांपासून लांब ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा बराच खाली आला, तर जादा पेट्रोल तेलातून वर येत होतं. तसाच राहिला, तर गडदपणा कार्ब्युरेटरचाच. जुन्या पेट्रोल गाड्यांना तिथे ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे पावती दोन्ही वेळा पास म्हणेल. मला पावतीशी कर्तव्य नाही, दोन आकड्यांमधल्या अंतराशी आहे. हे यंत्र पेट्रोल पंपागणिक उभं आहे आणि त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

साशंक: ही चाचणी मला आवडली. तरी तिचं उत्तरही अर्धंच आहे. तेलातून वाफ येते हे कळलं, पण त्या तेलात पेट्रोल आलं कसं? कार्ब्युरेटर महिनाभर गळून तेलात साठलेलं असेल, आणि कालच निडल आपोआप नीट बसली असेल. चाचणी आजचं सांगते, बिघाड कालचा असू शकतो.

शोधक: म्हणून शेवटी पंप वेगळा पाडायचा. तेल बदलायचं, यांत्रिक पंपाच्या नळ्या काढून बंद करायच्या, योग्य दाबाचा छोटा विजेचा पंप तात्पुरता जोडायचा, आणि गाडी नेहमीसारखी चालवायची. पातळी चढायची थांबली, तर गुन्हेगार सापडला. मग पंप खाली काढून डायफ्रॅम उजेडात धरायचा, दांड्याच्या बाजूला पेट्रोलचा ओलावा आहे का बघायचं. आणि इथे मला दुसरी एक गोष्ट बोलायचीय. २०२५पासून देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. जुन्या गाड्यांचे डायफ्रॅम, सील, नळ्या हे सगळं रबर शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेलं. इथेनॉलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं, सुकलं की चिरतं. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात चोक जास्त वेळ ओढावा लागतो. त्यातच प्राणवायू असल्यानं मिश्रण सौम्य होतं, पिकअप पडतो, मिस्त्री मोठा जेट टाकतो. तेलात पेट्रोल जाण्याचे दोन्ही रस्ते त्यानं एकदम रुंद केले. माझ्या मते येत्या काही वर्षांत जुन्या गाड्यांमधला हा मुख्य आजार ठरणार आहे.

साशंक: असेल. पण सगळा दोष इंधनावर टाकण्याची घाई करू नका. इथेनॉलचं नावही नव्हतं तेव्हासुद्धा डायफ्रॅम फाटत होते. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होत्या, आणि पंपाचे भाग हा तिथल्या रोजच्या दुरुस्तीचा विषय होता. रबर वयानंही मरतं, उभ्या गाडीत तर लवकर मरतं. तुमची पद्मिनी आठवड्यातून एकदा बाहेर पडते. टॅक्सीचं तेल दिवसभर तापलेलं असायचं, तिच्यात पेट्रोल आलं तरी उडून जायचं. तुमच्या गाडीत ते साठतं. तेव्हा इथेनॉल, वय आणि तुमचा रविवारचा वापर, यातलं कुणाच्या माथी किती, हे कसं वाटून घेणार? नवा डायफ्रॅम कोणत्या रबराचा घ्यायचा हे ठरवायला तरी ते कळायला हवं.

शोधक: निदान जुना डायफ्रॅम बघून. फुगलेलं, गिळगिळीत रबर आणि कडक होऊन घडीवर चिरलेलं रबर वेगळं दिसतं.

साशंक: दिसतं. पण मला आता घाई लागलीय ती वेगळ्या कारणानं. तुम्ही दोन नमुने म्हणालात, शहरातला आठवडा म्हणालात, पीयूसीची फेरी म्हणालात. हे सगळं त्याच पातळ तेलावर चालवून. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर तेलाचा थर हवा तेवढा जाड नाही, सिलिंडरच्या भिंती धुतल्या जातायत, आणि प्रत्येक सकाळी तुम्ही पुरावा गोळा करायला इंजिन सुरू करताय. तेल आजच्या आज काढून टाका असं मी म्हणेन. तीन-चार लिटर तेलाची किंमत क्रँक घासायच्या कामापुढे काहीच नाही.

शोधक: आणि तेल काढलं की पुरावा गटारात.

साशंक: गटारात मुळीच नको. एक बाटली भरून ठेवा, तारीख लिहा. त्यात लोखंड, तांबं, शिसं किती आलंय ते बघून घ्या. बेअरिंग झिजायला लागलं की नाही ते त्यावरून कळेल, आणि या घडीला पेट्रोलच्या टक्क्यापेक्षा मला ते जास्त जाणून घ्यायचंय.

शोधक: बाटली भरतो. पण एक बाटली म्हणजे एकच वेळ. घाटाआधीचा आणि घाटानंतरचा फरक मी गमावला. नव्या तेलात पातळी पंधरा दिवस चढली नाही, तर पंप बरा आहे असं समजायचं, की त्या पंधरा दिवसांत मी चोक कमी ओढला म्हणून?

साशंक: दोन्ही शक्य आहे. अशी वेळ आली तर मी पंप तरीही उघडीन.

शोधक: आणि डायफ्रॅम धड निघाला तर?

साशंक: तर फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल हलल्याचा आवाज आला नाही, तर तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. तेही आले नाहीत, तर कॉम्प्रेशन घ्या, आधी कोरडं आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून. दुसऱ्या वेळी आकडा चढला तर रिंगा गेल्यात. पण पेट्रोलनं भिंती धुतल्या म्हणून रिंगा गेल्या, की रिंगा गेल्या म्हणून पेट्रोल उतरलं, हे त्या आकड्यावरून मला सांगता येणार नाही.

शोधक: मलाही नाही. तेल मी आज संध्याकाळी काढतो. पंप कधी उघडायचा, तेल बदलल्यावर लगेच की पंधरा दिवस पातळी बघून, यावर आपलं अजून जमलेलं नाही.

साशंक: नाही जमलं. मी लगेच म्हणेन.

शोधक: मी पंधरा दिवस.